कारखाने आणि माणसं: साम्राज्य उभारणीच्या खेळांतलं खुशीचं गणित

साम्राज्य उभारणीचा कुठलाही खेळ घ्या, पहिले काही तास सगळं मनासारखं चालतं. शहरं वाढतात, शेतं पिकतात, खाणी सुरू होतात. मग कारखान्यांचा काळ येतो. तुम्ही शहराशहरांत कारखाने टाकता, उत्पादनाचे आकडे झपाट्याने चढतात, आणि थोड्याच टर्नमध्ये, म्हणजे खेळाच्या फेऱ्यांत, नकाशावर रागावलेले चेहरे दिसायला लागतात. कुठे काम बंद, कुठे दंगल, कुठे लोकसंख्याच वाढायची थांबलेली. अशा वेळी नवखा खेळाडू एक तर नाराजीकडे काणाडोळा करून कारखाने वाढवत राहतो, नाहीतर घाबरून सगळीकडे देवळं आणि नाट्यगृहं बांधत सुटतो. दोन्हीत नुकसान आहे, कारण दोन्हींत खुशी आणि उत्पादन एकमेकांचे शत्रू आहेत असं धरलेलं असतं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या खेळांत खुशी हा उत्पादनाचाच कच्चा माल आहे. लोखंड आणि कोळसा जसा लागतो, तशीच ती लागते. ती कुठून येते, किती लागते आणि कधी लागते हे समजलं की उरतो तो नियोजनाचा प्रश्न. मात्र प्रत्येक खेळ खुशी वेगळ्या पद्धतीने मोजतो. एका खेळात शिकलेली सवय दुसऱ्यात नेली की हमखास फसायला होतं.

एक माणूस, एक ताट, दोन हात

मुळापासून सुरुवात करू. या खेळांत नागरिक एकाच वेळी दोन गोष्टी असतो: खाणारं तोंड आणि काम करणारे हात. १९९१ साली खेळांचा रचनाकार सिड मायर याच्या पहिल्या सिव्हिलायझेशनने जो साचा घालून दिला, तो आजही बहुतेक खेळांत ओळखू येतो. शहराभोवतीच्या चौकोनांवर नागरिक काम करतात आणि त्यातून अन्न, उत्पादन आणि व्यापार मिळतो. व्यापारातून आलेला पैसा कर, संशोधन आणि चैन अशा तीन वाटांनी जातो. चैनीकडे जास्त वळवला की लोक खूश, पण तेवढंच संशोधन मागे. शहरात नाराज लोकांची संख्या खूश लोकांपेक्षा जास्त झाली की दंगल होते आणि त्या शहराचं उत्पादन ठप्प होतं. लोक आहेत, खाणी आहेत, पण हातात काही येत नाही.

यात एक बारकावा आहे. दंगल टाळायला तुम्ही एखाद्या नागरिकाला शेतावरून काढून मनोरंजन करणारा बनवू शकता. म्हणजे चार हात कामाला ठेवण्यासाठी दोन हात मोकळे करायचे. वरवर हा तोटा दिसतो, पण शहर पूर्ण बंद पडण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे. खुशीवरचा खर्च तपासताना प्रश्न नेहमी हाच विचारावा: हा खर्च केला नाही तर किती हात थांबतील?

मग पुढचा प्रश्न येतो, आणि सगळा गोंधळ इथेच होतो: हात थांबतात ते नेमके कसे? एकदम, हळूहळू, की साठलेली नाराजी एखाद्या दिवशी फुटून? हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं.

छत, उतार आणि टाकी

पहिल्या प्रकाराला मी छत म्हणतो. एका मर्यादेपर्यंत काहीच बिघडत नाही. ती ओलांडली की वरचा प्रत्येक माणूस निव्वळ ओझं. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण २००५ च्या सिव्हिलायझेशन ४ मध्ये आहे. तिथे प्रत्येक शहराची खुशी स्वतंत्र मोजली जाते. समजा एका शहरात खुशीची मर्यादा ७ आहे आणि लोकसंख्या ८ झाली. आठवा नागरिक काम करायला नकार देतो, पण दर टर्नला २ अन्न मात्र खातो. खायला काळ आणि भुईला भार ही म्हण या आठव्या नागरिकासाठीच असावी. त्याच्यासाठी पिकवलेलं अन्न वाया जातं, आणि ते पिकवणारा माणूस खाणीवर असता तर मिळालं असतं ते उत्पादनही जातं.

म्हणजे छत असलेल्या खेळात शहर वाढवत राहणं ही चूक ठरू शकते. सिव्हिलायझेशन ४ आणि ५ मध्ये (थोडक्यात सिव्ह ४, सिव्ह ५) वाढ थांबवण्याचं बटण मुद्दाम दिलेलं आहे, आणि अनेक जण ते कधी वापरतच नाहीत. मर्यादा ७ असेल तर सातव्या नागरिकावर थांबा आणि शेतावरची माणसं खाणींवर हलवा. लोकसंख्या तेवढीच, उत्पादन जास्त, एकही चेहरा रागावलेला नाही.

याच खेळात आणखी एक वाट आहे. ती बघायला हवी, कारण उत्पादन आणि खुशी यांचा विनिमय दर तिथे उघडा दिसतो. कांस्यकामाचं तंत्र मिळालं की गुलामगिरीची पद्धत खुली होते. ती स्वीकारली की लोकसंख्या खर्च करून इमारत तत्काळ पुरी करता येते. नेहमीच्या वेगाच्या खेळात एका माणसामागे ३० उत्पादन मिळतं. या खेळात उत्पादनाचं चिन्ह हातोडा आहे, म्हणून खेळाडू ‘३० हातोडे’ असंच म्हणतात. त्याबद्दल शहराची खुशी १० टर्न एकने घटते.

आता वरचंच शहर घेऊ. लोकसंख्या ८, मर्यादा ७. ग्रंथालयाला ९० हातोडे लागतात आणि ३० झालेले आहेत. उरलेल्या ६० साठी दोन माणसं खर्च करावी लागतात. लोकसंख्या ८ वरून ६ वर आली. मर्यादा ७ होती, ती शिक्षेमुळे ६ झाली. सहा माणसं, सहाची मर्यादा, कोणीही रिकामा नाही. गेलेल्या दोघांपैकी एक तर आधीपासून काहीच करत नव्हता. आता पुन्हा ८ पर्यंत वाढायला किती अन्न लागेल? ६ वरून ७ ला ३२ आणि ७ वरून ८ ला ३४, म्हणजे एकूण ६६. पण शहरात धान्याचं कोठार असेल तर वाढीच्या वेळी निम्मं अन्न शिल्लक राहतं, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३३ पुरतं. ३३ अन्नाच्या बदल्यात ६० हातोडे! सुपीक जमीन आणि मोजक्या टेकड्या असलेल्या शहराला एवढं उत्पादन दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एका वेळी एक माणूस खर्चा किंवा तीन, शिक्षा एकाच नाराजीची असते. त्यामुळे थोडं थोडं करण्यापेक्षा एकदाच मोठं काम उरकणं फायद्याचं. आणि १० टर्न संपायच्या आत पुन्हा तेच केलं, तर दुसरी नाराजी पहिलीवर चढते आणि शहर गळून जातं. दर काही टर्नला हा मार्ग वापरणारा खेळाडू शेवटी दोन-तीन माणसांच्या रडक्या शहरावर येऊन ठेपतो.

हिशेब म्हणून हे चोख आहे. पण ज्या गोष्टीला खेळ ‘माणूस खर्च करणं’ म्हणतो, ती पडद्यावर एका क्लिकएवढी सोपी दिसते याचा मला नेहमी त्रास होतो. खेळ त्या क्रूरतेला किंमत लावतो एवढं खरं. नाराजीचा जो संदेश शहरात झळकतो, त्यात लोक हा जुलूम विसरू शकत नाहीत असंच म्हटलेलं असतं. फक्त ती किंमत दहा टर्नमध्ये फिटते, आणि हा रचनाकाराने घेतलेला निर्णय आहे. पुढे मुक्तीचं धोरण स्वीकारणाऱ्या राष्ट्रांमुळे ते न स्वीकारणाऱ्यांच्या, म्हणजे गुलामगिरी चालू ठेवणाऱ्यांच्याही, शहरांत नाराजी वाढते, हीही याच खेळातली सोय आहे आणि ती मला मोलाची वाटते.

दुसरा प्रकार उताराचा. इथे ठरावीक रेषा ओलांडली की सगळं बंद, असं नसतं. खुशी जशी वाढेल तसा उत्पादनावर टक्क्यांचा लाभ मिळतो आणि घटेल तशी कपात होते. २०१६ च्या सिव्हिलायझेशन ६ मध्ये असं आहे. साधारण दर दोन नागरिकांमागे एक सुखसोय लागते. गरजेपेक्षा जास्त असेल तर शहराचं अन्न सोडून बाकी सगळं उत्पन्न वाढतं, कमी असेल तर कापलं जातं. चैनीची एक वस्तू, म्हणजे रेशीम किंवा हिरे, फक्त चार शहरांना पुरते. त्याच वर्षी आलेल्या स्टेलारिस या अंतराळ साम्राज्याच्या खेळात ग्रहाचं स्थैर्य ५० च्या वर गेलं की तिथलं उत्पादन वाढतं, ५० च्या खाली गेलं की घटतं, आणि २५ च्या खाली बंडाची भीती.

उताराच्या खेळात जास्तीची खुशी वाया जात नाही. म्हणूनच छताच्या खेळात जी काटकसर शहाणपणाची असते, ती इथे नुकसान करते. टक्क्यांचा लाभ असल्यामुळे ती खुशी कुठे ठेवता हे महत्त्वाचं ठरतं. दहा टक्के वाढ छोट्या खेड्यात जेमतेम जाणवते आणि तुमच्या सर्वांत मोठ्या औद्योगिक शहरात ती एका नव्या कारखान्याची बरोबरी करते. त्यामुळे करमणुकीच्या इमारती उत्पादनाच्या केंद्राजवळ हव्यात. सिव्ह ६ मध्ये प्राणिसंग्रहालय आणि स्टेडियम यांचा प्रभाव नकाशावरच्या सहा षटकोनांपर्यंत पोचतो, तसाच कारखान्याचाही. जागा नीट निवडली तर तीन-चार शहरं एकाच ठिकाणावरून दोन्ही गोष्टी घेतात.

तिसरा प्रकार टाकीचा. खुशी किंवा नाराजी साठत जाते आणि परिणाम होतो तो साठ्याचा. २०१० च्या सिव्हिलायझेशन ५ मध्ये जास्तीची खुशी दर टर्नला साठते आणि ठरावीक साठा झाला की सुवर्णयुग सुरू होतं, ज्यात उत्पादन आणि सोनं दोन्ही वाढतात. २०१८ च्या फ्रॉस्टपंकमध्ये हीच टाकी उलट बाजूने आहे. तो साम्राज्याचा खेळ नाही, एकाच गोठलेल्या शहराचा आहे, पण नाराजीची टाकी इतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच सापडते. नेहमीचा कामाचा दिवस सकाळी ८ ते संध्याकाळी ६, म्हणजे १० तासांचा. कायदा करून तो १४ तासांचा करता येतो. त्याहून कठोर म्हणजे सलग २४ तासांची आणीबाणीची पाळी. दोन्हींमुळे नाराजीची पट्टी वर सरकते. ती टोकाला पोचली की लोक तुम्हाला मुदत देतात, आणि ती पाळली नाही तर शहराबाहेर घालवतात.

टाकी असलेल्या खेळात थोडा काळ माणसांना ताणणं परवडतं, कारण टाकी भरायला वेळ लागतो. कोळशाच्या एका खाणीत दोन दिवस १४ तासांची पाळी लावून थंडीच्या लाटेआधी साठा करून ठेवणं योग्य आहे. तीच पाळी सगळीकडे कायमची लावणं म्हणजे भरत चाललेल्या टाकीकडे पाठ फिरवणं. नव्या खेळाची सुरुवात करताना खुशीच्या आकड्यावर माउस नेऊन वर येणारी माहिती एकदा शांतपणे वाचली, तर छत, उतार की टाकी हे लगेच कळतं. काही खेळांत दोन प्रकार एकत्रही असतात. सिव्ह ५ मध्ये वर टाकी आहे आणि खाली पायऱ्या: शून्याखाली गेलात की लोकसंख्येची वाढ एक चतुर्थांशावर येते, उणे १० च्या खाली गेलात की नव्या वस्त्या बसवायला माणसंच मिळत नाहीत.

एकाच खाणीतून रणगाडा आणि खुर्ची

खुशीची किंमत मोजणं अवघड जातं, कारण बऱ्याच खेळांत ती वेगळ्या चलनात असते: इकडे हातोडे, तिकडे चेहरे. स्टेलारिसने हे कोडं मला फार आवडलेल्या पद्धतीने सोडवलं आहे. तिथे खनिजं दोन प्रकारच्या उद्योगांत जातात. एकात मिश्रधातू बनतो, ज्यातून युद्धनौका आणि अंतराळ स्थानकं उभी राहतात. दुसऱ्यात ग्राहकोपयोगी वस्तू बनतात, ज्या नागरिक वापरतात. जीवनमान जितकं वरचं ठरवाल, तितक्या वस्तू जास्त लागतात. म्हणजे नौका आणि नागरिकांचं सुख यांचा माल एकच, कामगारही तेच.

त्यामुळे इथे हिशेब थेट मांडता येतो. जीवनमान एक पायरी वर नेलं तर वस्तूंचे किती कारागीर वाढवावे लागतील? तेवढे कामगार धातूच्या भट्टीतून निघाले तर किती मिश्रधातू कमी होईल? आणि स्थैर्य वाढल्यामुळे उरलेल्या सगळ्यांचं उत्पादन किती वाढेल? साम्राज्य लहान असताना पहिला आकडा मोठा असतो आणि शेवटचा लहान, म्हणून सुरुवातीला साधं जीवनमान परवडतं. ग्रह भरत जातात तसा शेवटचा आकडा मोठा होत जातो. केव्हा पायरी चढायची याचं उत्तर या तुलनेतून मिळतं.

यात एक अप्रिय भागही आहे. ग्रहावरच्या लोकांची पसंती मोजताना प्रत्येकाच्या मताचं वजन सारखं नसतं. वर्गभेदावर उभी असलेली अर्थव्यवस्था निवडली तर वरच्या वर्गाची खुशी जास्त मोजली जाते, आणि खालचे कामगार हलाखीत राहूनही स्थैर्याचा आकडा टिकून राहतो. ‘नागरिक खूश आहेत’ असं खेळ सांगतो तेव्हा कोणते नागरिक, हे विचारायची सवय इथे लागते. १९९९ च्या अल्फा सेंटॉरी या खेळातलं शिक्षागृह याच जातीचं: ते बांधलं की त्या तळावर असंतुष्ट कोणी उरत नाही, पण प्रतिभावंतही उरत नाहीत आणि संशोधन निम्म्यावर येतं.

साखळी तुटते ती खालून

आता अ‍ॅनो १८०० कडे वळू. २०१९ चा हा खेळ औद्योगिक क्रांतीवरचा आहे, आणि खुशी-उत्पादनाचा खरा पेच समजून घ्यायचा असेल तर मी सर्वांत आधी हाच सुचवीन. इथे नागरिकांचे वर्ग आहेत: शेतकरी, कामगार, कारागीर, अभियंते, गुंतवणूकदार. प्रत्येक वर्गाच्या दोन प्रकारच्या मागण्या असतात. मूलभूत गरजा भागल्या की घरात माणसं वाढतात, चैनीच्या गरजा भागल्या की ती खूश होतात. शेतकऱ्यांना मासे आणि कामाचे कपडे हवेत. चैन म्हणून बटाट्याची दारू आणि गुत्ता.

एक भरलेलं शेतकऱ्याचं घर १० माणसांचं. ते बढती देऊन कामगाराचं केलं की त्यात २० माणसं मावतात. कारखान्यांना कामगार हवेत, म्हणून तुम्ही दहा घरांना बढती देता. २०० कामगार मिळणार या आनंदात एक गोष्ट सुटते: १०० शेतकरी कमी झाले. बटाट्याच्या एका शेताला २० शेतकरी लागतात आणि दारूच्या एका भट्टीला ५०. म्हणजे एका जोडीला ७०. शंभर शेतकरी कमी होताच ही जोडी अर्धवट चालायला लागते. दारू कमी पडते, आणि ती नव्या कामगारांनाही हवी असते. खूश करायचे लोक वाढले आणि त्यांना खूश करणारा माल घटला.

नवखा खेळाडू अशा वेळी कारखान्यांच्या बाजूला दोष शोधत बसतो, कारण नाराजी तिथे दिसते. बिघाड मात्र दोन पायऱ्या खाली, बटाट्याच्या शेतात असतो. यावरचा उपाय साधा आहे, आणि तो आधी करावा लागतो: बढती देण्यापूर्वी खालच्या वर्गाची नवी घरं बांधून ठेवायची. कामगार वर चढतील तितके शेतकरी खालून भरून निघायला हवेत. नाराजी दिसल्यावर घरं बांधायला घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, कारण घर बांधून, भरून, माणूस कामाला लागून, माल तयार होऊन बाजारात पोचेपर्यंत बराच वेळ जातो.

अ‍ॅनोत कामाचा वेग वाढवण्याची पट्टीही आहे. नेहमीच्या १०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांपर्यंत नेता येते, ५० टक्क्यांपर्यंत खालीही आणता येते. वेग वाढवला की त्या वर्गाची खुशी घटते. अनुभवी खेळाडू ही पट्टी सगळीकडे ओढत नाहीत. साखळीत जो एकच दुवा कमी पडतोय तेवढाच ताणतात, आणि जिथे माल पडून आहे तिथला वेग उतरवून लोकांना श्वास घेऊ देतात. पूर्ण साखळी ताणण्यात अर्थ नसतो, कारण सर्वांत मंद दुव्यापेक्षा जास्त माल शेवटी बाहेर पडत नाही. बाकीच्यांची नाराजी फुकट ओढवून घेतलेली असते.

व्हिक्टोरिया ३ मध्ये हाच विचार आणखी पुढे जातो. १८३६ ते १९३६ हा त्याचा काळ. तिथे खुशीची वेगळी इमारत बांधून भागत नाही. लोकांचं जीवनमान त्यांच्या मजुरीवर आणि बाजारभावावर ठरतं. ते वाढलं की निष्ठावंत वाढतात, घसरलं की कट्टर विरोधक. तुमचे कामगार हेच तुमचे गिऱ्हाईक असतात. मजुरी दाबून फर्निचरचा कारखाना नफ्यात आणाल, तर फर्निचर घेणारं कोणी उरत नाही. धान्य परदेशी विकून तिजोरी भराल, तर घरच्या बाजारात धान्य महाग होऊन जीवनमान उतरेल. नवं यंत्र बसवलं की कमी माणसांत तेवढंच काम होतं आणि मोकळे झालेले मजूर बेकार बसतात. म्हणून यंत्र बसवण्याच्या आधी शेजारी दुसरा उद्योग उभा असावा, म्हणजे ते मजूर तिकडे जातात. या खेळात अर्थमंत्री आणि गृहमंत्री एकच असतो, आणि तो तुम्ही असता.

हा लगाम ठेवलाच का आहे?

रचनेच्या बाजूने बघितलं तर खुशी हा वाढीला घातलेला लगाम आहे. तो नसेल तर जास्त शहरं, जास्त उत्पादन, जास्त सैन्य, आणखी शहरं असा बर्फाचा गोळा घरंगळत मोठा होत जातो आणि पहिली पन्नास टर्न पुढे असलेला खेळाडू कायमचा पुढे राहतो. सिव्ह ३ मध्ये दूरच्या शहरांना लागणाऱ्या भ्रष्टाचाराने हा लगाम घातला, सिव्ह ४ मध्ये देखभालीच्या खर्चाने, आणि सिव्ह ५ मध्ये सबंध साम्राज्याच्या सामाईक खुशीने. तिथे प्रत्येक शहरामागे ३ आणि प्रत्येक नागरिकामागे १ नाखुशी लागते. म्हणजे एका माणसाची नवी वस्ती बसवली की ४ गेले. चैनीची एक नवी वस्तू नंतरच्या आवृत्त्यांत ४ च खुशी देते. यातून सरळ नियम निघतो: नवी वस्ती तिथेच बसवा जिथे अजून तुमच्याकडे नसलेली चैनीची वस्तू मिळते. तीच वस्तू दुसऱ्यांदा मिळाली तर तिची खुशी शून्य. ती शेजाऱ्याला देऊन त्याची वेगळी वस्तू घ्या.

प्रदूषणाबद्दल थोडक्यात. १९९३ च्या मास्टर ऑफ ओरायनमध्ये कारखान्यांचा कचरा साफ करायला त्याच ग्रहाच्या उत्पादनातला वाटा द्यावा लागत होता, आणि पट्टी सरकवताना तो वाटा डोळ्यांसमोर दिसायचा. सिव्ह ४ मध्ये लोहारशाळा उत्पादन २५ टक्के वाढवते आणि आरोग्य एकने घटवते. सिव्ह ६ मध्ये औद्योगिक विभागामुळे शेजारच्या जागेची शोभा कमी होते, आणि पुढे निवासी वस्तीत किती माणसं मावतील हे त्या शोभेवर ठरतं. कारखाना कुठे टाकायचा हे ठरवताना शंभर टर्ननंतरची घरं कुठे असतील याचाही विचार करावा लागतो तो असा.

युद्ध आणि शेवटची टर्न

ताळमेळ सर्वांत जास्त बिघडतो तो युद्धात. उत्पादनाची गरज ज्या क्षणी शिखरावर असते, त्याच क्षणी खुशी घसरते. सैन्य परक्या भूमीवर लढतं तशी युद्धाची थकवणूक वाढते, व्यापार तुटल्याने चैनीच्या वस्तू बंद होतात, आणि जिंकलेली शहरं आपली नाराजी घेऊन येतात. सिव्ह ५ मध्ये जिंकलेलं शहर थेट ताब्यात घेतलं तर न्यायालय बांधेपर्यंत त्याची नाखुशी जास्तच राहते. त्याला मांडलिक ठेवलं तर ती टळते, पण तिथे काय बांधायचं हे तुमच्या हातात राहत नाही. लागोपाठ तीन शहरं जिंकून घरची वाढ थांबवणारे खेळाडू मी बरेच पाहिले आहेत. रणांगणावर ते जिंकत असतात आणि मागे कारखाने मंदावत असतात.

म्हणून सैन्य जमवतानाच खुशीची गादी तयार ठेवावी. शांततेच्या काळात तीन-चार गुण जास्तीचे असले की ते वाया जात आहेत असं वाटतं. युद्धाच्या दहाव्या टर्नला तेच कामी येतात. सिव्ह ४ मध्ये तुरुंग आणि पोलिसी राज्य यांनी थकवणूक कमी होते, आणि वंशपरंपरागत राजवटीत शहरात तैनात प्रत्येक तुकडीमागे एक खुशी मिळते. पण तुकड्या सीमेवर पाठवल्या की घरची खुशी त्यांच्याबरोबर निघून जाते, आणि मोठ्या शहरात एकाच टर्नमध्ये तीन-चार हात थांबतात. त्या शहरांसाठी स्वस्त भालाईत आधीच बनवून ठेवावेत आणि चांगले सैनिकच पुढे न्यावेत.

शेवटच्या टप्प्यात हिशेब पुन्हा बदलतो. आतापर्यंत खुशीवरचा खर्च यासाठी परवडत होता की त्याची परतफेड पुढच्या पन्नास-शंभर टर्नमध्ये व्हायची. अंतराळयान उडायला पंधरा टर्न उरली असतील तर नवं स्टेडियम स्वतःची किंमत वसूल करणार नाही. तेच हातोडे यानाच्या सुट्या भागांत घाला, वाढ थांबवा, शेतावरची माणसं कारखान्यात आणा. कराची किंवा चैनीची पट्टी मात्र हाताशी ठेवा. सिव्ह ४ मध्ये संस्कृतीची पट्टी दर दहा टक्क्यांमागे प्रत्येक शहरात एक खुशी देते, तीही त्याच टर्नला, काही न बांधता. यानाचा शेवटचा भाग ज्या शहरात बनतोय तिथे एक जरी नागरिक हात बांधून बसला, तरी ती पट्टी लगेच सरकवा.